न तोललेली पेटी

आता त्या जागेवर गोदामं आहेत. पत्र्याची, लांबच लांब, एकासारखी एक. दिवसभर ट्रक येतात आणि जातात. तिथे पूर्वी काय होतं हे त्या ड्रायव्हरांना ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं काही कारणही नाही. पण गावातल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा, तो आधी विमानाची गोष्ट सांगणार नाही, काट्याची सांगेल. “आमचं वजन तिथे झालं होतं,” असं लोक अजून ऐटीत सांगतात. किती भरलं होतं ते मात्र कुणी सांगत नाही.

विमानतळ म्हणायचं ते आपलं कौतुकानं. आठशे मीटरची खडी-मातीची धावपट्टी, एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, पेट्रोलची टाकी, पत्र्याची शेड आणि शेडला लागून दोन खोल्या. विमान एकच, सहा सीटांचं, एका इंजिनाचं. मालकाचा खरा धंदा सिमेंटचा होता. विमान हा त्याचा शौक, आणि शौक परवडावा म्हणून आठवड्यातून तीनदा डोंगरापलीकडच्या शहरात माणसं न्यायची. बसला चौदा तास लागत, विमानाला पन्नास मिनिटं. पुढच्या खोलीत एक भला मोठा वजनकाटा होता, खाली लोखंडी फळी आणि वर सरकत्या वजनाची दांडी असलेला. त्याच्यामागे तोलारी बसायचा.

त्याला त्याच्या नावानं हाक मारणारी एक आई होती, ती गेली. बाकी सगळ्यांचा तो तोलारीच. वीस वर्षं त्यानं धान्याच्या बाजारात पोती तोलली होती. पोत्याला नुसता हात लावून तो आकडा सांगायचा आणि काटा नंतर त्याच्या होला हो म्हणायचा. मालकानं विमान घेतलं तेव्हा बाजारातून त्यालाच उचलून आणलं. लहान विमानाचं सगळं वजनावर असतं, कुणी किती खाऊन आलंय याच्यावरसुद्धा.

“माणसं तोलणं अवघड आहे का हो?” असं त्याला सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं. तो म्हणाला, “पोती निदान श्वास रोखून पोट आत घेत नाहीत.” आणि खरंच, गावातला एकही माणूस असा नव्हता की ज्यानं त्या फळीवर पोट आत घेतलं नाही. कापडवाला शेठ बूट काढायचा, मग पट्टा काढायचा, मग किल्ल्यांचा जुडगा बायकोच्या हातात द्यायचा, जणू बायको मागच्या विमानानं येणार होती. तोलारी बूट, पट्टा, किल्ल्या, सगळं परत फळीवर ठेवायला लावायचा.

दांडी त्यानं स्वतःच्या बाजूला वळवून बसवली होती. आकडा त्याला एकट्याला दिसे. तो चिठ्ठीवर लिहायचा, बेरीज करायचा, घडी घालून कप्तानाच्या हातात द्यायचा. पंधरा वर्षांत कुणाचं वजन त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी एकदा फार आडून आडून विचारलं, मुख्याध्यापिकाबाई अलीकडे सुटल्यासारख्या वाटतात नाही? तोलारी म्हणाला, “बाई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? सरळ विचारा, म्हणजे सरळ नाही म्हणता येईल.” गावातल्या बायकांचा त्याच्यावर जेवढा विश्वास होता तेवढा त्यांच्या नवऱ्यांवर नव्हता.

आणि नाही म्हणण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोकांची एक खोड असते. माणूस तोलून होतो, सामान तोलून होतं, विमानाशी जाऊन उभं राहिलं की पोचवायला आलेली मावशी पिशवी पुढे करते. असू दे, वाटेत लागेल. जावयासाठी आहे, एवढीशी तर आहे. तोलारी खोलीतून धावत बाहेर यायचा आणि पिशवी मावशीच्या हातात परत द्यायचा. मावशा रडल्या, भांडल्या, एकीनं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं सातही ऐकून घेतल्या आणि पिशवी खालीच राहिली.

दुपारी चारला विमान परत आलं, की शेडमध्ये तो आणि कप्तान चहाला बसत. हा कप्तान म्हणजे विमानाचा एकुलता एक वैमानिक, तोलाऱ्याच्याच वयाचा, उंच, कमी बोलणारा. तापलेला पत्रा हळूहळू निवताना टक्‌ टक्‌ वाजायचा, पेट्रोलचा आणि कापलेल्या गवताचा मिळून एक वास यायचा, आणि स्टोव्हवर चहा उकळायचा. कप्तानाकडे दर महिन्याला एक पातळ पुस्तिका यायची. लहान विमानांचे कुठे कुठे अपघात झाले आणि का झाले, याची. तो ती मोठ्यानं वाचून दाखवायचा. कुणाचं पेट्रोल गाव दिसत असताना संपलं, कारण पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवला आणि टाकीत डोकावलं नाही. कुणी भावाच्या लग्नाला वेळेवर पोचायचं म्हणून समोर ढग दिसत असताना आत शिरला आणि ढगात डोंगर होता. कुणी मामाच्या घरावरून खाली येऊन गिरकी मारून दाखवली. मामा गच्चीत उभा राहून हात हलवत होता. कुणी उभ्या विमानाच्या पंखांच्या झडपा वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायला विसरला. यंत्र बिघडलं असं क्वचितच असायचं.

प्रत्येक गोष्ट संपली की तोलारी एकच विचारायचा, “मग तिथे नाही म्हणणारं कुणी नव्हतं का?”

“नसणार,” कप्तान म्हणायचा आणि पान उलटायचा.

अशी पंधरा वर्षं गेली. तोलाऱ्याला पुढे म्हातारपणी कुणी विचारलं की आयुष्यातले चांगले दिवस कोणते, तर तो लग्नाचा दिवस सांगायचा नाही, त्या चहाच्या दुपारी सांगायचा. बायको समोर असली तरीसुद्धा.

तर तोलाऱ्याला मुलगी एकच. बावीस वर्षांची होती तेव्हा तिला डोंगरापलीकडच्या शहरात मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी लागली. मालकाचा नियम होता, की सीट रिकामी असली तर नोकरमाणसाच्या घरच्यांनी बसावं. त्या दिवशी एका प्रवाशानं ऐनवेळी येणं रद्द केलं आणि मुलीची सोय झाली. दुपारी एकची वेळ, उन्हाळ्याचे दिवस. पलीकडे पेट्रोलचा भरवसा नसे म्हणून टाकी सकाळीच काठोकाठ भरलेली. टाकी भरलेली असताना माणसं आणि सामान मिळून चारशे तीस किलो चालत. तोलाऱ्यानं सगळ्यांना तोललं, कप्तानाला तोललं, मुलीला तोललं, तिची ट्रंक तोलली. चारशे सव्वीस. चिठ्ठी लिहून झाली.

मग त्याची बायको रिक्षातून उतरली. तिच्या पायाशी लाकडी पेटी होती.

पेटीत तिची शिलाई मशीन होती. हातानं फिरवायची, बिडाची, काळी. ह्याच मशीनवर तिनं वीस वर्षं आळीतल्या लोकांचे कपडे शिवले होते. मुलगी लहानपणी तिच्या शेजारीच खेळली, चिंध्यांच्या ढिगात झोपली.

“ही कशाला आणलीस?” तोलारी म्हणाला.

“अहो, पोर परक्या गावी निघालीये. भाड्याच्या खोलीत एकटी राहणार. शाळेतून आल्यावर काय करेल? मशीन असली की दोन बायका येतील, ओळखी होतील.”

“पुढच्या आठवड्यात बसनं पाठवू.”

“बसच्या टपावर?” एवढंच म्हणून ती गप्प झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या मावशांची त्याला सवय होती. ती भांडली नाही. पेटीवरची धूळ फडक्यानं पुसत बसली. मुलगी म्हणाली, “आई, राहू दे ना गं,” पण पेटीवर ठेवलेला हात काढला नाही.

तोलाऱ्यानं पेटी उचलली. काट्यावर ठेवली असती तर लिहावी लागली असती, म्हणून तो काट्याला वळसा घालून बाहेर पडला. दुसऱ्याच्या मावशीची मूठभर पिशवी परत करणारा हा माणूस. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. विमानात जागा शेवटच्या सीटच्या मागे, शेपटीकडे होती. मागे टाकलेल्या ओझ्यानं नाक वर उचलतं, ते दुप्पट जड समजायचं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यानं पेटी तिथेच ठेवली आणि बाजारातली जुनी गाठ मारून घट्ट बांधली.

कप्तान पंखाखाली उभा राहून टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून, त्यात पाणी नाही ना ते उजेडात बघत होता. पेला खाली न घेताच त्यानं विचारलं, “ही तोललीस?”

तोलाऱ्यानं मान हलवली. हो म्हणून.

कप्तानानं दार लावून घेतलं. पंधरा वर्षांत त्याला तोलाऱ्याची चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचावी लागली नव्हती.

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. विमान नेहमीच्या जागी उठलं नाही. जमिनीला धरून धावतच राहिलं, मग पट्टी संपता संपता नाक वर करून उठलं आणि तसंच लोंबकळलं. विमानातला धोक्याचा भोंगा बाहेर उभ्या असलेल्यांना ऐकू आला. टोकाच्या झाडांचे शेंडे चाकांना लागले. कप्तानानं नाक खाली दाबलं आणि विमान पलीकडच्या नांगरलेल्या शेतात आपटलं. पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा वाकला, आणि धूळ इतकी उडाली की काही दिसेना.

तोलारी धावला. आठशे मीटर तो कसा धावला हे त्याचं त्याला कधी आठवलं नाही. बायको मागे राहिली होती. धुळीतून पहिल्यांदा कप्तान बाहेर आला, एका हातानं दुसरा हात धरून, आणि त्यानं मागचं दार उघडून एकेकाला खाली घेतलं. एका प्रवाशाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मुलीच्या भुवईवर खोक पडली होती आणि अर्धा चेहरा रक्तानं माखला होता. तिनं बापाकडे बघून म्हटलं, “बाबा, मी ठीक आहे.” तोलारी ढेकळांतच खाली बसला. पेटी जागची हलली नव्हती.

चौकशीवाले साहेब यायला चार दिवस लागले. तोवर सगळ्यांचं सामान ज्याचं त्याला देऊन झालं होतं. पेटी घरी पलंगाखाली गेली होती. चिठ्ठीवर चारशे सव्वीस लिहिलेलं होतं, आणि तोलाऱ्याची चिठ्ठी म्हणजे दगडावरची रेघ.

ते चार दिवस कप्तान शेडमध्ये बसून असायचा. डावा हात गळ्यात बांधलेला. उजवा हात तो हवेत पुढे करायचा, मूठ वळायचा आणि हळूच मागे ओढायचा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

“मी लवकर उचललं का रे?” तो विचारायचा. “नाही उचललं तर झाडं होती. पण त्याच्या आधीच कुठेतरी चुकलं. एवढं जड मला ते कधी लागलं नव्हतं.”

तोलारी चहा ओतायचा. चहावर साय धरायची.

“वय झालं,” कप्तान तिसऱ्या दिवशी म्हणाला. “साहेब आले की सांगून टाकतो. हात चुकला. लायसन्स घेऊन टाका म्हणतो. उद्या मोठं काही झालं तर कोण भरून देणार?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तोलाऱ्यानं शंभरदा दुसऱ्यांबद्दल म्हटलं होतं. तो घरी गेला. बायको म्हणाली, “आता कशाला बोलताय? जिवंत आहेत ना सगळे?” आणि हे म्हणताना ती रडत होती, म्हणजे तिलाही कळत होतं. मुलीच्या भुवईवर चार टाके होते. तिनं विचारलं, “बाबा, कप्तानकाकांना सांगितलंत?”

“सांगतो.”

“कधी?”

सांगितलं की काटा जाणार, आणि काटा गेला की आपण कोण उरतो हे त्याला माहीत नव्हतं. पण न सांगावं तर पलीकडे एक माणूस आपल्याच हाताला रोज शिव्या देत बसलेला.

साहेब सडपातळ होते, सावकाश बोलायचे. काट्याच्या खोलीतच बसले. एका बाजूला मालक, एका बाजूला कप्तान, भिंतीशी तोलारी. साहेबांनी चिठ्ठी वाचली. “वजन मर्यादेत आहे. इंजिन मी पाहिलं, ठीक आहे. ऊन होतं, थोडा वारा मागून होता. तरी एवढ्या पट्टीत उठायला हवं होतं. म्हणजे वैमानिकाकडून—”

“माझ्याकडूनच,” कप्तान म्हणाला. “लिहा तसं.”

“चिठ्ठी खोटी आहे,” तोलारी म्हणाला.

कुणाला आधी कळलंच नाही, कोण बोललं. मग त्यानं पेटीचं सांगितलं. काट्याला वळसा घातल्याचं, शेपटीत ठेवल्याचं, कप्तानानं विचारल्यावर मान हलवल्याचं. मालक घाईघाईनं म्हणाला, “साहेब, बापाचं काळीज आहे. गडबडीत अंदाज चुकला असेल त्याचा.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन उचललं. “एका पेटीनं विमान पडत नाही. ऊन, वारा, भरलेली टाकी आणि पेटी, चौघांनी मिळून पाडलं. अंदाज चुकला असं लिहू?”

एवढ्याला हो म्हटलं असतं तर भागत होतं. अंदाज कुणाचाही चुकतो. कदाचित काटासुद्धा राहिला असता.

“नाही साहेब,” तोलारी म्हणाला. “माझा अंदाज चुकत नाही. उचलली तेव्हाच कळलं होतं. साडेएकवीस.”

पेटी घरून आणवली. साहेबांनी स्वतः फळीवर ठेवली आणि वजन सरकवलं. दांडी साडेएकवीसवर येऊन तरंगली. कप्तान उठून दांडीजवळ आला, वाकून आकडा बघितला आणि म्हणाला, “म्हणजे माझा हात बरोबर होता.” मग तो बाहेर गेला. त्या दिवशी चार वाजता स्टोव्ह पेटला नाही, आणि पुढे तोलाऱ्यासाठी कधीच पेटला नाही.

तोलाऱ्याचा काटा गेला. मालकानं त्याला काढलं नाही, फाटकावर आणि गवत कापायला ठेवलं. काट्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. ते आकडा मोठ्यानं वाचायचे, त्यामुळे गावातल्या निम्म्या बायका पुन्हा बसनं जाऊ लागल्या. दोन महिन्यांनी विमान दुरुस्त झालं. कप्तान पुन्हा उडू लागला, आणखी अकरा वर्षं उडला. आता तो प्रत्येक नग स्वतः उचलून बघायचा, मग दार लावायचा. तोलारी लांबून, गवत कापता कापता, ते बघायचा. त्याला वाईट वाटायचं. बरंही वाटायचं. समोरासमोर आले तर दोघं मान हलवत, पाऊसपाण्याचं बोलत, आणि आपापल्या वाटेनं जात. मुलगी बसनंच गेली. मशीन मांडीवर घेऊन, चौदा तास.

मग पलीकडे चांगला रस्ता झाला, मालक म्हातारा झाला, विमान विकलं गेलं. पत्र्याची शेड पाडली त्या दिवशी तोलारी बघायला गेला नाही.

सत्तरी ओलांडल्यावर एका दुपारी कप्तान त्याच्या घरी आला. हातात काठी होती. तोलाऱ्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि ती आत गेली. दोघं बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलले.

मग कप्तान म्हणाला, “एक विचारायचं होतं. मी विचारलं तेव्हा मान का हलवलीस? सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तू पेटी उतरवायला लावली असतीस.”

“कुणी सांगितलं तुला?” कप्तान म्हणाला. “तीस लिटर पेट्रोल काढलं असतं. उरलेल्यात आरामात जाऊन आलो असतो. पेटी पुढे माझ्या शेजारच्या सीटच्या पायाशी ठेवली असती. अर्धा तास लागला असता सगळ्याला. पोर काय तुझी एकट्याची होती?”

तोलाऱ्यानं मनात आकडा धरला. तीस लिटर पेट्रोल म्हणजे साडेएकवीस किलो, वर थोडंसंच. इतकी वर्षं तो ती दुपार रोज उलटीपालटी करून बघत आला होता, पण पेटी खाली ठेवायची की खोटं बोलायचं, ह्या दोनच्या पलीकडे तो कधी गेला नव्हता.

“विचारायचं सुचलंच नाही रे,” तो म्हणाला. “पंधरा वर्षं सगळ्यांना नाही म्हणत बसलो होतो. मला कुणी हो म्हणेल असं वाटलंच नाही.”

आणि मग त्याला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला येतं तसं, आवाज न करता, आणि लवकर थांबेना. कप्तानानं चहाचे दोन्ही कप उचलून आत नेले, गरम करून आणले, आणि एक तोलाऱ्याच्या हातात दिला.